कस्तुराच्या पाड्यातल्या पोरांना काही येत नाही

कस्तुराला मी पहिल्यांदा पाहिलं ते शिंदखेड्याच्या एका मंगल कार्यालयात, आणि त्याच दिवशी तिला दहापैकी चार गुण दिले. चार कशाबद्दल दिले ते आता आठवत नाही. सहा कशाबद्दल कापले ते मात्र पक्कं आठवतं, आणि त्याची मला लाज वाटते.

मी रोहिणी, धुळ्याची. तीस वर्षं अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. माझी जीप गावाच्या वेशीवर दिसली की पोरांची नाकं पुसली जातात, असं लोक माझ्या पाठीमागे म्हणायचे, आणि ते खरं होतं. निवृत्त झाल्यावर घरात बसून मी सुनेच्या भाजीतलं मीठ तपासायला लागले, तेव्हा मुलानेच मला एका संस्थेच्या दारात नेऊन सोडलं. संस्थेचं काम साधं होतं. ज्या घरात तीन वर्षांखालचं मूल आहे, त्या घरी दर पंधरा दिवसांनी एका बाईने जायचं, आईजवळ बसायचं, आणि मुलाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं, ते काय सांगू बघतंय हे ओळखायचं कसं, ते दाखवायचं. या बायांना आम्ही भेटताई म्हणायचो. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सुनेने त्या दिवशी शिरा केला होता.

पहिल्या तुकडीत नऊ जणी होत्या. आठ जणी सोनगीर-शिंदखेड्याकडच्या सपाटीवरच्या गावांतल्या, आणि नववी कस्तुरा, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. पावरा समाजातली, तिशीची, दहावी पास. नवरा तेरसिंग पावसाच्या भरवशावर तीन एकर कसायचा आणि उरलेल्या महिन्यांत मिळेल त्या मजुरीला जायचा. घरात त्यांची बोली पावरी, बाजारात अहिराणी, आणि माझ्यासमोर कस्तुरा पुस्तकातली मराठी बोलायची, एकेक शब्द तपासून. पाड्यापासून सडकेपर्यंत चार किलोमीटर चालून, मग जीप, मग एसटी असं करत ती पहिल्या दिवशी वीस मिनिटं उशिरा पोचली. ती बसायच्या आत मी तिला बोलून घेतलं.

दुपारी मी स्वतः आई झाले. उशी मांडीवर घेतली, पुढ्यात रिकामं ताट घेतलं, आणि सांगितलं की मी तांदूळ निवडतेय, मला वेळ नाही, आता पंचेचाळीस मिनिटांची भेट दहा मिनिटांत करून दाखवा. आठ जणींनी झकास करून दाखवलं. नमस्कार ताई, बाळाचं नाव काय, हे चित्र बघा, हा खुळखुळा बघा. मग कस्तुरा आली. माझ्याकडे बघितलं, समोर मांडी घातली, ताटातले नसलेले अर्धे तांदूळ स्वतःकडे ओढले आणि निवडायला लागली. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिसऱ्या मिनिटाला ती उशीकडे बघत हळूच म्हणाली, "ते तुमच्या हाताकडे बघतंय."

"चित्राची कार्डं कुठे आहेत?" मी विचारलं.

"पिशवीत," ती म्हणाली आणि निवडत राहिली.

म्हणून चार.

तरी तिला कामावर घेतलं, कारण त्या पाड्यांवर जायला दुसरी कुणी तयार नव्हती. वर्षाच्या आत मी तपासणीला गेले तर तिचा तोच प्रकार चालू. एका घराच्या ओट्यावर ती आणि घरची सून शेंगा फोडत बसल्या होत्या, पोतं अंथरून त्यावर पोरगी पालथी पडलेली. तासभर झाला तरी भेट संपेना. मी घड्याळ दाखवलं. भेटीच्या फॉर्ममध्ये 'शेंगा फोडल्या' असा रकाना नाही, असंही सुनावलं. ती 'हो अक्का' म्हणाली. खानदेशात वडीलधाऱ्या बाईला अक्का म्हणतात, आणि कस्तुरा 'हो अक्का' म्हणाली की समजायचं, ती स्वतःच्याच मनाचं करणार.

पण परत येताना जीपमध्ये माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. शेंगा फोडताना ती सून सारखी पोरीशी बोलत होती. ही शेंग बघ, ही पोकळ निघाली, ही तुझ्या आजीला देऊ. पोरगी हुंकार देत होती आणि सून तिच्या हुंकारासाठी थांबत होती. माझ्या सासूबाई धुळ्यासारख्या शहरात राहून म्हणायच्या, तान्ह्याशी काय बोलायचं, भिंतीशी बोलल्यासारखं. मीही माझ्या मुलाशी तो उलटून बोलायला लागेपर्यंत फारशी बोलले नव्हते. कस्तुराने त्या सुनेला 'बोल' असं कधी सांगितलंच नव्हतं. शेजारी बसून ती फक्त म्हणायची, बघ, ती तुझ्या हाताकडे बघतेय. बघ, तुझा आवाज आला तशी थांबली. आईला एकदा हे दिसलं की ती गप्प राहीलच कशी? मला हे कळायला वर्ष लागलं. मी शिकवणारी होते ना, म्हणून जरा जास्त लागलं.

अशी तीन वर्षं गेली. चार पाड्यांवर एकेचाळीस घरं. उन्हात डोक्यावर पदर आणि पायात तेरसिंगच्या जुन्या चपला घालून ती फिरायची. एका घरी मूल आजारी असलं तर आईबरोबर दवाखान्यात जाऊन बसायची. कुणी कामाच्या गावी गेलं, तर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ही दारात हजर. मी तिचं तोंडावर कौतुक कधी केलं नाही. मला ते जमत नाही.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत पाहणी झाली. एवढी वर्षं काम केलं, त्याने मुलांना काही फरक पडला का, हे मोजायला पुण्याहून मंडळी आली. आमच्या भेटींची गावं आणि तिकडे चोपड्याच्या बाजूचे, जिथे भेटताई कधी गेलीच नाही असे पाडे, दोन्हीकडे जाऊन आयांना तेच तीस प्रश्न विचारायचे. मूल दोन शब्द जोडून बोलतं का, बोट दाखवून मागतं का, नाव घेतल्यावर वळून बघतं का. उत्तर हो किंवा नाही. भेटताईने आसपास फिरकायचं नाही, म्हणजे आया तिच्या भिडेने काही सांगणार नाहीत. नियम रास्त होता. कस्तुरा त्या दिवशी माहेरी जाऊन बसली.

मे महिन्यात निकाल आला. आमचे प्रकल्पप्रमुख ईश्वर सर, शांत माणूस, एरवी पंख्याच्या आवाजातही ऐकू येणार नाही असं बोलतात. त्या दिवशी त्यांनी कागद नुसताच माझ्यापुढे सरकवला. सपाटीवरच्या गावांत फरक चांगला दिसत होता. कस्तुराच्या चारही पाड्यांवर मात्र मुलं जिथे भेटी झाल्या नाहीत तिथल्या मुलांच्याही मागे होती. थोडीथोडकी मागे नव्हती, तळाशी होती. कागदावर पुढे लिहिलं होतं की ही पद्धत पाड्यांवर लागू पडत नाही, सबब तिथल्या भेटी थांबवून तीच ताकद सपाटीवर लावावी.

"जून संपेपर्यंत आवरतं घ्यायचं आहे," ईश्वर सर म्हणाले.

माझा पारा चढला. आता मी खरं तेच सांगते: तो कागदावर चढला नाही, कस्तुरावर चढला. शेंगा फोडत बसली, मी म्हटलं. कार्डं पिशवीतच राहिली, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी थेट तिच्या घरी गेले, आणि तेरसिंगने पुढे केलेलं पाणीही न पिता ते कागद तिच्या हातात दिले.

ती सावकाश वाचत गेली. पान उलटलं, परत मागे आली, परत वाचलं. एकेचाळीस मुलांच्या नावांपुढे आकडे होते. तिने बोट ठेवून एकेक नाव वाचलं. मग आत जाऊन संस्थेची पिशवी घेऊन आली, कार्डं, खुळखुळे, नोंदवही, सगळं आहे ना ते बघितलं आणि माझ्यापुढे ठेवली. माझ्याशी इतकी वर्षं पुस्तकातली मराठी बोलणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा अहिराणीत बोलली.

"अक्का, मी एकेचाळीस घरना टाइम खाया. त्या बाया निंदनी सोडीसन मनासंगे बठन्यात."

शेतातली निंदणी सोडून त्या बायका माझ्याजवळ बसल्या, आणि मी त्यांचा वेळ खाल्ला. एवढंच ती म्हणाली. रडली असती तर मी समजूत घातली असती, भांडली असती तर मीही भांडले असते. तिने निकाल खरा धरला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला रागावायला आले होते, पण ती चुकली नाही असं म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

निरोप तर द्यायला हवा होता. भेटी बंद होणार हे घरोघर सांगायचं, ते कस्तुराला एकटीला सांगायला लावणं मला पटेना. आम्ही दोघी निघालो. पहिलं घर धुरपदाबाईचं. ही खालच्या, अहिराणी बोलणाऱ्या पाड्यावरची म्हातारी, तोंडाने फटकळ, बायकांमध्ये तिचा शब्द चालायचा. तिची नात ऋतिका, अडीच वर्षांची, कस्तुराच्या भेटींतच वाढलेली. कागदावर ऋतिकाच्या नावापुढे शून्य होतं.

आम्ही अंगणात शिरलो. धुरपदाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. तेवढ्यात आतून ऋतिका आली, दोन्ही हातांनी पाट ओढत. तो माझ्यासमोर टाकला, माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "बाई, बठ. पानी दिऊ का?"

मी बसले नाही. मी पिशवीतून कागद काढला. ऋतिकाच्या नावापुढे तेच शून्य. म्हणजे दोन शब्द जोडून बोलते का, नाही; एक तरी शब्द बोलते का, तेही नाही. ऋतिका तोवर पेला घेऊन आली होती आणि अर्धं पाणी आपल्या फ्रॉकवर सांडून उरलेलं मला देत होती.

"धुरपदाबाई," मी म्हटलं, "पुण्याच्या बाईला तुम्ही सांगितलंत, हिला काही येत नाही?"

"सांगं ना," म्हातारी म्हणाली. "आम्ही बठ्ठ्यासनी तेच सांगं."

"का?"

तिने उरलेले दाणे एकदम फेकले आणि हात झटकले. पोरांना येतं असं सांगितलं असतं तर कस्तुराचं येणं बंद झालं असतं, म्हणाली. हे तिने अशा सुरात सांगितलं की जणू मीच मंद आहे. पुण्याची माणसं येणार असं कळल्यावर चारही पाड्यांवरच्या बायका हापशावर भेटल्या होत्या आणि तिथं ठरलं होतं, काहीही विचारलं तरी 'नाही' म्हणायचं. जी पोरं जास्त बोलघेवडी, त्यांना त्या दिवशी मोठ्या भावंडांबरोबर रानात पाठवून दिलं होतं.

"असं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

धुरपदाबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "मना नातू, हिना भाऊ, वाळेल व्हता. त्याले जादा खाऊ भेटे. पोरगं बरं झायं, का खाऊ बंद. तवय तूच सही करेल व्हती ना, अक्का?"

मी पाटावर बसले.

खरंच होतं ते. आठ वर्षांपूर्वी या पाड्यांची पर्यवेक्षिका मीच होते. कमी वजनाच्या मुलांना जादा आहार मिळायचा, आणि वजन वाढलं की यादीतून नाव कमी करायचं असा नियम होता. मी वजन बघायचे, 'सुधारणा' असं लिहायचे आणि सही करायचे. मला वाटायचं, मी आनंदाची बातमी लिहितेय. या बायकांनी त्यातून एकच धडा घेतला, की पोरगं सुधारलं हे कागदावर कळू द्यायचं नाही. तीन वर्षं मी भेटतायांना शिकवत होते, पण या बायांना मी आधीच शिकवून बसले होते. पेरलं तेच उगवलं.

कस्तुरा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "पण अक्का," ती म्हणाली, "ही एक ऋतिका. बाकीच्या चाळीस पोरांना येतं की नाही, हे आपल्याला कुठे माहीत आहे?" शून्याचा धक्का तिच्या एवढा आत गेला होता की डोळ्यांसमोर पोर बोलत असूनही तिचा विश्वास बसत नव्हता. तीन वर्षांत स्वतः बघितलेलं सगळं तिने त्या दोन पानांपुढे खोटं ठरवलं होतं.

मी धुळ्याला परतले आणि ईश्वर सरांसमोर बसले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, मी विश्वास ठेवतो. पण भेटी बंद होणार म्हटल्यावर कुणीही म्हणेल, आमची पोरं हुशार आहेत. पुण्याला मी काय सांगू?" त्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. मग मी म्हटलं, बेरीज राहू द्या, मला भरलेले मूळ फॉर्म दाखवा.

पाहणी करणाऱ्यांपैकी शीतल नावाची मुलगी होती, तिने ते संगणकावर उघडून मोबाइलवर आमच्याशी बोलत एकेक वाचले. पहिल्या फॉर्मवर तीसही उत्तरं 'नाही'. दुसऱ्यावर तीसही 'नाही'. पाचव्या फॉर्मनंतर तिचा आवाज बदलला.

"मॅडम, प्रश्न तिसरा," शीतल म्हणाली. "मूल हसतं का? एकेचाळीस जणींनी 'नाही' म्हटलंय."

चार पाड्यांवर एकेचाळीस मुलं आणि एकही कधी हसत नाही. संगणकाने बेरीज केली, आम्ही बेरीज वाचली, उत्तरं कुणी वाचलीच नाहीत. शीतल प्रामाणिक मुलगी. तिने चूक कबूल केली आणि स्वतःच सुचवलं की आयांना विचारायचंच नाही, मुलांकडून करून घ्यायचं. ठोकळे, मणी, चित्रं घेऊन ती स्वतः येईल, आणि दोन्हीकडच्या पाड्यांवर येईल, म्हणजे कुणाला पक्षपात म्हणता येणार नाही. कस्तुराने मुलांना काही शिकवून ठेवायचं नाही. आयांनी फक्त मुलांना घेऊन यायचं.

हे 'फक्त' फार अवघड होतं. ऑगस्टमध्ये कस्तुराने हापशावर बायका जमवल्या आणि सांगितलं की या वेळी पोरांना जे येतं ते करू द्या. मी लांब उभी राहून बघत होते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"पोरगं बरं झायं म्हनीसन कोनी जास्त दिधं, असं कव्हय झायं का?"

बरं झालं म्हणून कुणी जास्त दिलं, असं आजवर कधी झालंय का? तीस वर्षांच्या नोकरीत मी या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं होतं. तिथे उभी राहून शोधलं, एकही उदाहरण सापडलं नाही.

कस्तुराने वाद घातला नाही. भेटी चालू राहतील असं वचनही दिलं नाही. दिलं असतं तर त्या ताबडतोब तयार झाल्या असत्या. ती म्हणाली, "चालू राही का बंद व्हई, माले माहीत नही. पन माले समजाले पायजे, मी काय करं ते."

तीन वर्षांत आपण नेमकं काय केलं, हे तिला कळायला हवं होतं. एका बाईची कळशी भरून वाहायला लागली तरी तिने ती सरकवली नाही. धुरपदाबाई कस्तुराकडे बघत होती, आणि मला वाटतं तेव्हा तिला कळलं की ही बाई गेले तीन महिने नीट जेवलेली नाही. ती वळून एवढंच म्हणाली, ऋतिकाला मी आणीन.

शीतल आली ती पावसाच्या उघडिपीत. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली. कस्तुराला आणि मला तिथे मज्जाव. आम्ही तेरसिंगच्या शेतात बांधावर शाळेकडे पाठ करून बसलो, दोन शिक्षा झालेल्या पोरींसारख्या. तेरसिंग कपाशीत कोळपं चालवत होता. दर फेरीला बांधाजवळ आला की कस्तुराकडे बघायचा आणि न बोलता बैल वळवायचा. व्हरांड्यातून मधूनच रडणं ऐकू यायचं, मधूनच मोठ्याने हसणं. हसणं आलं की कस्तुरा माझ्या मनगटाला धरायची. रडणं आलं की सोडायची. दुपारपर्यंत माझं मनगट लाल झालं. मला राग आला नाही, हे मुद्दाम नोंदवते.

तिथं काय झालं ते शीतलने नंतर सांगितलं. एक पोरगा पहिल्यापासून शेवटपर्यंत रडला, त्याला तिने शून्य दिलं, दया दाखवली नाही. ऋतिकाने आठ ठोकळ्यांचा मनोरा केला, पाडला, आणि शीतलला सांगितलं की आता तू कर. शीतलने केला तर तोही पाडला. आया ओळीने बसल्या होत्या आणि कुणीही मध्ये बोलत नव्हती. पण आपलं मूल अडलं की त्यांचे हात आपोआप पुढे यायचे आणि त्या ते स्वतःच मागे घ्यायच्या. शीतल म्हणाली, "त्या वाट बघतात, मॅडम. मुलाला वेळ देतात. हे मी बाकी ठिकाणी फार कमी बघितलंय." फॉर्ममध्ये त्यालाही रकाना नव्हता.

मग परत थांबणं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. भेटी अधिकृतपणे बंदच होत्या. तरी कस्तुरा जातच होती, पिशवी न घेता, कामाला हात लावायला म्हणून. मी तिला विचारलं नाही आणि तिने मला सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईश्वर सर माझ्या घरी आले, हातात कागद. त्या माणसाला मी पहिल्यांदा जिना पळत चढताना पाहिलं. मी वाचलं, परत वाचलं, आणि सुनेला घट्ट मिठी मारली. ती बिचारी घाबरली. तासाभरात मी पाड्याकडे जाणाऱ्या शिरपूरच्या गाडीत होते.

पाड्यावर कापूस वेचणी चालू होती. धुरपदाबाईच्या मुलाच्या शेतात पंधरावीस बाया कमरेला झोळ्या बांधून ओळीने सरत होत्या, त्यांत कस्तुरा. मी बांधावरून हाक मारली. माझ्या जीपचं तुम्हाला सांगितलंच आहे; आवाजही तसाच, सगळं शेत थांबलं. एकट्या कस्तुराने तेवढं वळून बघितलं नाही. समोरच्या झाडाची दोन बोंडं वेचली, झोळीत टाकली, मग आली.

"भेटी चालू राहणार," मी म्हटलं. "दोन वर्षं. चारही पाड्यांवर."

तिने मान हलवली. "आणि पोरांचं?"

मी कागद दिला. बोटांना कापसाचे तंतू चिकटले होते, ते तिने लुगड्याला पुसले आणि वाचायला लागली. या वेळी बाया तिच्याभोवती जमल्या. कस्तुराच्या पाड्यांवरची मुलं पुढे होती. बोलण्यात पुष्कळ, हाताच्या कामात थोडी, आणि चालण्या-चढण्यात दोन्हीकडची सारखीच. कुठे जादू झाली असं काही नव्हतं, पण फरक होता, आणि तो मोजून आला होता. तिने पान संपवलं, परत वर गेली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बायांकडे वळली.

"पोरेसले येस," ती म्हणाली. "आठे लिखेल शे." पोरांना येतं, इथे लिहिलंय.

मला वाटलं आता गलका होईल. बाया तिच्याकडे बघत राहिल्या, जरा नवलाने. धुरपदाबाईने कपाळाला आठ्या घातल्या.

"ते आमले माहीतच व्हतं," ती म्हणाली. "तुले नही व्हतं का?"

कस्तुराने तोंड उघडलं, पण शब्द यायला वेळ लागला. बाया थांबल्या.

"नही व्हतं व माय," ती म्हणाली, आणि तिथेच मातीत बसून मोकळेपणाने रडली. मीही रडले, पण ते राहू द्या. धुरपदाबाईने खाली वाकून तिची झोळी सोडवली, स्वतःच्या कमरेला बांधली आणि तिची राहिलेली ओळ वेचायला घेतली.